अर्ज, उस्तादांमार्फत

शिस्त हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की आता डोक्यात तिडीक जाते. सव्वीस वर्षं मी हायस्कुलात खेळाची शिक्षिका होते. गळ्यात शिट्टी घालून जगले. 'पोरांना शिस्त लावा हो बाई' हे पालकांकडून इतक्यांदा ऐकलं की मलाही वाटायला लागलं होतं, जगात एवढी एकच गोष्ट कमी आहे, बाकी सगळं ठाकठीक चाललंय. म्हणून तर रिटायर झाल्यावर गुडघे कुरकुरत असतानाही मी त्या भरती अकॅडमीत गेले. घरी टीव्हीसमोर बसून तुरीच्या शेंगा सोलण्यापेक्षा बरं, असा विचार केला. बरं कसलं, डोंबलाचं!

अकॅडमी म्हणजे काय, तर वाशिमकडच्या मालेगाव रस्त्याला लागून एक सपाट केलेलं वावर, त्यात चुन्यानं आखलेला धावायचा ट्रॅक, राहायला पत्र्याचे दोन हॉल, एक मुलांचा, एक मुलींचा, मागं मेस आणि मधोमध मोठ्या सरांचं ऑफिस. मुलं फौजेची तयारी करायची. मुली बहुतेक पोलीस भरतीच्या, दोघीतिघी फौजेसाठी आलेल्या. सगळ्या अठरा पूर्ण झालेल्या, काही पंचविशीच्या. मोठे सर म्हणजे मालक. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशा पीळदार, पंधरा ऑगस्टला झेंड्यासाठी चार गावांतून बोलावणं. त्यांच्या हाताखाली उस्ताद, म्हणजे प्रत्यक्ष ट्रेनिंग देणारा. तोही फौजेतून आलेला, चाळिशीचा, अंगानं लोखंड. आणि मुलींच्या हॉलसाठी एक बाईमाणूस हवं म्हणून मी. मी शिरपूरची. सकाळच्या पहिल्या एसटीनं जायची आणि दुपारी परत यायची.

तिथं कुणाला नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. ए मेडशी, ए केनवड, इकडे ये. मोठे सर म्हणायचे, फौजी माणूस नाव घरी ठेवून येतो. आणि दुसरी पद्धत होती रगड्याची. रगडा म्हणजे शिक्षेची कवायत. धसकटांतून कोपरांवर रांगायचं, बेडूकउड्या मारत ट्रॅकला फेरी घालायची, दोन्ही हात वर धरून उन्हात उभं राहायचं. नियम असा, की चूक एकीची, रगडा सगळ्यांना. एक पोरगी पाच मिनिटं उशिरा आली की बावीस जणी रांगायच्या.

आणि मला हे आवडलं होतं! खोटं कशाला बोलू? पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन बहिणीला कौतुकानं सांगितलं होतं, की अगं, शाळेत जे आम्हाला वर्षभरात जमत नाही ते इथं तीन दिवसांत होतं. उस्तादाला ओरडायचीही गरज पडत नाही. उशीर करणारीला बाकीच्याच सरळ करतात. 'बॅच स्वतःले स्वतः दुरुस्त करते मॅडम,' मोठे सर म्हणाले होते. मी मान डोलावली होती. त्या पद्धतीत बोलणाऱ्या पोरीचं काय होईल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

ऑफिसात अकराचा चहा व्हायचा. सर, उस्ताद, मी, कधी हिशोबनीस. एकदा एक मुलगी गोळाफेकीत गोळा पायापाशीच टाकून बसली, तर सर खिडकीतून पाहून म्हणाले, 'पोळपाट-लाटणं सोडून आल्या बिचाऱ्या, वेळ लागंल.' उस्ताद म्हणाला, 'यायले चांगलं वाकवा लागते सर, मंग मऊ होतात.' सर खो खो हसले, बशीत चहा सांडला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असं लिहायची माझी फार इच्छा आहे. पण मी हसले होते. मोठ्यानं नाही, चारचौघांत हसतात तेवढंच.

आता वाटतं, तो माणूस रोज चाचपून पाहत होता. आज एक शब्द टाकून पाहायचा, उद्या जरा जाड शब्द. मालक हसला की त्याचं एक पाऊल पुढं. मालकाला काय माहीत नव्हतं असं नाही, त्याला माहीत करून घ्यायचं नव्हतं. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

सोमवारी आणि गुरुवारी धावणं झाल्यावर मुलींचं स्ट्रेचिंग उस्ताद घ्यायचा. खरं तर ते काम माझं. पण मला खाली बसून उठता येत नाही, म्हणून मीच सरांना म्हटलं होतं, की हे तेवढं उस्तादांकडे द्या. त्या तासाला मी ऑफिसात बसून हजेरी भरायची. चहा तिथंच यायचा.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की सोमवारी-गुरुवारीच पोरींची पाळी येते. इतर दिवशी सगळ्या ठणठणीत. सोमवार उजाडला की सातजणी पोट धरून हॉलमध्ये. गुरुवारी दुसऱ्या सातजणी. मी काय बावळट आहे का, सव्वीस वर्षं पोरींच्या सबबी ऐकल्या आहेत! मी सगळ्यांना ओळीत उभं केलं. म्हटलं, 'महिन्यातून चारदा पाळी येणाऱ्या पोट्ट्या मी जिंदगीत पाह्यल्या नाहीत. कायले आल्या इथं? घरी जाऊन झोपा.' सगळ्यांनी माना खाली घातल्या. केनवड तेवढी माझ्याकडे सरळ बघत होती, मला ते उद्धट वाटलं. आणि मी एक रजिस्टर काढलं. गावाचं नाव, तारीख, सही. महिन्यातून एकदाच सूट, दुसऱ्यांदा मागितली तर रगडा. सर खूश झाले. म्हणाले, 'मॅडम, हे आमच्या फौजेत नसतं सुचलं कोनाले.' मी दोन दिवस तरंगत होते.

मग एक दिवस मेडशी आली. तेवीस वर्षांची, सडपातळ, आठशे मीटरला पूर्ण बॅचमध्ये तिच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं. घरी आई-बाप दोघंही मजुरीला. बाप त्या वेळी रस्त्याच्या कामावर दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांच्या अख्ख्या भावकीत जात पडताळणीचा कागद, व्हॅलिडिटी म्हणतात तो, पहिल्यांदा निघाला तो हिचा. भरतीची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. या वेळी झालं तर झालं, नाही तर मे महिन्यात लग्न, असं घरी ठरलेलं. ती मेसच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. मी डाळीचे डबे मोजत होते.

'मॅडम, एक सांगाचं होतं.'

'सांग ना.'

'उस्ताद स्ट्रेचिंग कराले लावते न, तवा हात जिथं नाही लावाचा तिथं लावते. मी हात झटकला तं म्हंते, लाजणारीचं वर्दीत काम नाही. परवा म्हणे, आफिसात ये, एकटी ये, तुह्या कागदाचं बोलाचं हाय.'

मी तिच्यावर विश्वास ठेवला, त्याच क्षणी. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे केलं ते तिला खोटी समजून केलं नाही. मला तो ऑफिसातला चहा आठवला, ते 'वाकवा लागते' आठवलं. आणि एवढं सगळं झाल्यावर मी तिला काय म्हटलं असेल? म्हटलं, 'अर्ज लिही.'

ऑफिसच्या भिंतीवर एक पाटी होती, तक्रार समिती. कुठल्याशा तपासणीसाठी लावलेली. तीन नावं पाहिजेत म्हणून तीन लिहिलेली. अध्यक्ष मी, सदस्य सरांच्या मिसेस, सदस्य उस्ताद. हसू नका. मीही तेव्हा वाचून हसले नव्हते. तर मी अध्यक्ष, आणि अध्यक्षाला तोंडी तक्रार कशी चालेल? मी तिला वहीचा कागद दिला आणि मायना सांगितला. प्रति, अध्यक्ष. विषय. आणि डावीकडे मार्फत. अकॅडमीत सुटीचा अर्ज असो, तापाचा असो, बुटाचा असो, उस्तादाच्या सहीशिवाय मोठे सर कागद हातात धरत नसत. माझी अख्खी नोकरी अशाच कागदांवर गेलेली, मार्फत मुख्याध्यापक, मार्फत केंद्रप्रमुख. बोटांना सवय लागलेली.

ती लिहिता लिहिता थांबली. 'मार्फत त्याच्याच, मॅडम?'

'पद्धत हाय माय. त्याची सही असली म्हंजे सरांले नाई म्हनता येत नाई.'

काय बोलत होते मी! माझं मला आता वाचवत नाही. खाली मान घालून तिनं पूर्ण अर्ज लिहिला, अक्षर सुरेख, आणि मी सांगितलं तसा उस्तादाच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवून आली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात म्हणतात ना, इथं तर मी किल्ल्या घासूनपुसून, अर्जाचा मायना बरोबर करून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमधून उतरले तर मुलींचा रगडा चालू होता. पहिली एसटी चुकल्यानं नऊ वाजायला आले होते, ऊन चढलं होतं. बावीस जणी कोपरांवर. उस्ताद ट्रॅकच्या कडेनं फिरत होता आणि म्हणत होता, 'तुमच्यात कोनाले तरी लिवाचा लय शौक हाय. लिवा. कोपरानं लिवा.' नाव घेतलं नाही त्यानं. गरजच नव्हती. शिट्टी माझ्या गळ्यात होती, ती मी वाजवली नाही. मोठे सर ऑफिसच्या दारात उभे राहून फोनवर बोलत होते. एकदा इकडं बघून त्यांनी पाठ फिरवली.

रगडा संपला आणि बॅच स्वतःला स्वतः दुरुस्त करायला लागली. मेडशीची गादी कुणीतरी हौदापाशी नेऊन भिजवली. बादलीला लाथ. तिच्या ताटात वाढायला कुणी तयार नाही. मी हॉलमध्ये गेले आणि ओरडले, 'लाज नाई वाटत? तिच्यावर काय गुदरलं हे माहीत हाय काय तुमाले?'

केनवड पुढं आली. तिचं कोपर सोलून निघालं होतं, त्यावर तिनं हळद दाबून धरली होती. 'माहीत नसाले काय झालं मॅडम? आमी नाही सहन करून राह्यलो? तिलेच काय सोनं लागलं?'

मी एकेकीच्या तोंडाकडं बघत गेले, एकेक नजर खाली जात गेली. मग केनवडनंच सगळं सांगितलं, रागारागात, मला शिक्षा दिल्यासारखं. सोमवारी आणि गुरुवारी दोन-दोन टी-शर्ट घालायचे, उन्हाळ्यातसुद्धा. रांगेत शेवटी उभं राहायचं नाही, कारण शेवटच्या पोरीजवळ तो जास्त वेळ थांबतो. आणि पाळीचं वेळापत्रक तिनं लावलेलं होतं, केनवडनं. नवी पोरगी आली की पहिले दोन महिने तिला सोमवार-गुरुवार हॉलमध्ये बसवायचं, जुन्यांनी आलटून पालटून जायचं. 'आमचं बरं चाललं होतं,' ती म्हणाली. 'मंग तुमी रजिस्टर काढलं.'

मी तिथंच पेटीवर बसले. मला रडू आलं नाही, स्वतःचा संताप आला. या पोरींनी एक-एक दिवस वाटून घेऊन एकमेकींना वाचवलं होतं. मी सही घेऊन तेही बंद केलं होतं.

तशीच उठून ऑफिसात गेले. मोठ्या सरांना म्हटलं, 'उस्तादाले आजच्या आज काढा.' सरांनी मला बसायला सांगितलं, चहा सांगितला. चहा! मग समजुतीच्या आवाजात सुरू झाले.

'मॅडम, इतके वर्सं फौजेत काढले मी. असं काही असतं तं मले नसतं समजलं?'

'नसतं समजलं सर. मले कुठं समजलं? मी तं बाई हाय.'

'ट्रेनिंगमध्ये हात लागतेच. आता डाक्टर नाही हात लावत?'

'बावीस पोट्ट्या सांगून राह्यल्या.'

'सांगू द्या न. रगडा पडला की सगळ्यांचं तोंड चालते. हे पाहा, भरती तोंडावर हाय. ह्या मानसानं मागच्या वेळेस इतके पोरं लावले. आता काढलं तं बॅचचं वाटोळं. भरती होऊ द्या, मंग पाहू. आन पोरीचं नाव खराब होईल ते येगळंच, तुमी बाईमानूस, तुमाले मी काय सांगावं?'

इतकी वर्षं माणूस देशासाठी सीमेवर उभा राहिला, त्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण स्वतःच्या खिडकीतून दिसणाऱ्या ट्रॅकवर काय चाललंय ते पाहायला त्याला फुरसत नव्हती. आणि मी त्याच्यावर तडतडत होते तेव्हा मला हेही कळत होतं, की गेले कित्येक महिने त्याच खिडकीत, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते.

मी म्हटलं, 'बरं, मंग मेडशीचे कागद द्या. तिले इथून जाऊ द्या.'

इथं खरी गोम होती. प्रवेश घेताना प्रत्येकाची मूळ कागदपत्रं ऑफिसच्या लोखंडी कपाटात जमा व्हायची. दहावी-बारावीच्या मार्कशीट, डोमिसाइल, व्हॅलिडिटी, सगळं. कारण काय, तर पोरं तयार होतात इथं आणि ऐनवेळी दुसऱ्या अकॅडमीत जाऊन त्यांचं नाव सांगतात. भरतीच्या मैदानात मूळ कागद दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत, म्हणून मैदानाच्या दिवशी सर स्वतः गेटवर उभे राहून कागद वाटायचे. किल्ली त्यांच्या खिशात.

'कागद मैदानाच्या दिवशी भेटतीन,' सर म्हणाले. 'सगळ्यांले भेटतात तसे. नियम म्हंजे नियम.'

मी बाहेर आले. मेडशी हौदापाशी गादी पिळत होती. मी सांगितलं तिला, की आपण पोलीस स्टेशनला जाऊ, मी येते सोबत, आत्ताच्या आत्ता. तिनं गादी खाली ठेवली.

'मॅडम, मले आज केस नाही पाहिजे. आज केस केली आन यानं कागद जाळले तं मी मैदानात काय दाखवू? मले पयले माहे कागद पाहिजे. धावू द्या मले. मंग करतो केस.'

एवढं स्वच्छ डोकं! आणि माझं डोकं पाहा. तिनं माझाच फोन मागून घेतला आणि आईला लावला.

दोन दिवसांनी रविवार होता. रविवारी पालक भेटायला येतात, मैदानात डबे उघडतात, झाडाखाली घोळके बसतात. मेडशीची आई अकराच्या बसनं आली. धुतलेलं पातळ, पायात रबरी चप्पल, हातात पिशवी. पोरीशी दोन शब्द बोलली आणि सरळ ऑफिसात. मी मागोमाग. सर उठून उभे राहिले, 'या मावशी, बसा' म्हणाले, खुर्ची दिली. फार गोड बोलले. शेवटी म्हणाले, 'मावशी, मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.'

बाई खुर्चीवर बसलीच नव्हती. म्हणाली, 'मूठ उघडा साहेब. कपाटाची किल्ली तिच्यातच हाय न?'

'अवो मावशी, नियम...'

'ह्या व्हॅलिडिटीपाई दोन वर्सं मी वाशिमले चकरा मारल्या. कवा साहेब नाही, कवा सही नाही. निंदन सोडून जात होती मी. माह्या लेकीची इज्जत आमी तुमच्या कपाटात ठेवली नाही साहेब. कागद ठेवले. ते द्या.'

'मैदानाच्या दिवशी...'

'मंग मी बसतो मैदानापर्यंत.' आणि ती ऑफिसच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांना तिच्यावरून पाय टाकून आत जावं लागे. जो तो विचारायचा, काय झालं हो बाई? ती प्रत्येकाला एकच सांगायची, 'पोरीचे कागद देऊन नाही राह्यले. कायले देत नाही ते तुमीच इचारा.' मी तिच्या शेजारी खाली बसले. बसताना गुडघ्यांनी जीव घेतला, पण बसले.

तासभर सरांनी कळ काढली. घोळका वाढत गेला. मुलांचे बापही येऊन उभे राहिले. मग सरांनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मेडशीची फाइल टेबलावर आपटली. आईनं एकेक कागद काढून पोरीला दाखवला, बरोबर आहेत का विचारलं, पिशवीत ठेवले. कपाट अजून उघडंच होतं. केनवड दारात येऊन म्हणाली, 'सर, माहेबी द्या.' तिच्यामागून आणखी आठजणी आल्या. बाकीच्या हॉलच्या पायरीवर बसून राहिल्या, वर बघितलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. मैदान जवळ आलं होतं आणि बाहेर पडून धावायचं कुठं?

मेडशीनं उरलेले दिवस गावातल्या शाळेच्या पटांगणात आणि रस्त्यावर सराव केला. मी म्हटलं, मी घड्याळ घेऊन येत जाते. ती म्हणाली, 'नोको मॅडम.' मला वाटलं, मला त्रास नको म्हणून नाही म्हणते. मैदानी चाचणीत ती पास झाली. आठशे मीटरला तिच्या गटात पहिली आली म्हणे. मला केनवडनं फोन करून सांगितलं. केनवडचा गोळा कमी पडला. कोपर अजून भरलं नव्हतं तिचं. 'पुढच्या वेळेस,' ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मेडशीनं आईला घेऊन जाऊन पोलिसांत तक्रार दिली. आणखी चौघींनी जबाब दिले, त्यात केनवड. मीही दिला. उस्ताद आत गेला आणि जामिनावर बाहेर आला. आता तारखा पडतात. मी प्रत्येक तारखेला जाते, बाकावर बसते, पुढची तारीख घेऊन परत येते.

आणि मोठ्या सरांनी काय तोडगा काढला असेल? त्यांनी मुलींची बॅचच बंद केली! मला फोन करून सांगितलं, अगदी समाधानानं. 'मॅडम, कटकटच संपवली. आता फक्त पोरं. ना रहेगा बांस.' चोर सोडून संन्याशाला फाशी, ती कशी असते ते मी या वयात पाहिलं. उस्ताद तिथंच आहे. मुलांना शिकवतो. निकाल चांगला लागतो म्हणतात. आणि आमच्या भागातल्या पोरी पहाटे रस्त्याच्या कडेनं ट्रक चुकवत धावतात. तारखेला जाताना बसमधून मला दिसतात. पुढाऱ्यापासून पानवाल्यापर्यंत जो भेटतो तो मला सांगतो, बरं झालं हो मॅडम, पोरींना तिथं ठेवण्यातच रिस्क होती. माझं डोकं फिरतं. अहो, रिस्क पोरी होत्या का?

मेडशीची पोलिसांत निवड झाली. ती आता ट्रेनिंगला आहे, दूर. रविवारी त्यांना फोन मिळतो. मागच्या महिन्यात मी केला. जेवण कसं आहे, उन्हाचा त्रास होतो का, आई कशी आहे, सगळं विचारलं. तिथले शिकवणारे कसे आहेत तेही विचारलं. बरे हायेत, म्हणाली. मग मला राहवलं नाही, मी म्हटलं, 'तुले त्या मानसाचा अजून राग येत असंल न?'

ती म्हणाली, 'खरं सांगू काय मॅडम? मले तुमचा जास्त राग आला. तो कसा हाय ते मले पयल्याच दिवशी समजलं होतं. त्याच्यापाशी मी काही मांगाले गेली नव्हती. तुमच्यापाशी आली होती.'

'हो माय,' मी म्हटलं. 'आली होतीस.'

माफी मागायला मी तोंड उघडलं. ती म्हणाली, 'राहू द्या मॅडम, जेवाची वेळ झाली,' आणि तिनं फोन ठेवला.